उन्हाळ्यातल्या रिसर्चचे पैसे: एचएसआय, एचबीसीयू वगैरे कॉलेजांत शिकवणारं-शिकणारं कोणी आहे का इथे?

रिओग्रांदेकाठी
नमस्कार मंडळी. मी टेक्सासच्या पार दक्षिणेला एका स्टेट युनिव्हर्सिटीत केमिस्ट्री शिकवते. वर्गातली बहुतेक पोरं मेक्सिकन-अमेरिकन, कित्येकांच्या घरातलं कॉलेजात पाऊल टाकणारं हे पहिलंच माणूस. त्यामुळे आमचं कॉलेज एचएसआय, म्हणजे हिस्पॅनिक सर्व्हिंग इन्स्टिट्यूशन. सेमिस्टरला चार कोर्स, वर लॅब सेक्शन, त्यामुळे ऑगस्ट ते मे रिसर्च म्हणजे शनिवारी दुपारी जमेल तेवढाच. राहतो तो उन्हाळा, आणि पगार तर नऊ महिन्यांचाच.

तर प्रश्न असा. यंदा ग्रीन कार्ड हातात आलं, म्हणून पहिल्यांदाच डीओईच्या, म्हणजे अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या, व्हिजिटिंग फॅकल्टी प्रोग्रॅमकडे (व्हीएफपी) नीट बघतेय. प्राध्यापकाने नॅशनल लॅबमध्ये दहा आठवडे जायचं, सोबत आपले दोनपर्यंत विद्यार्थी नेता येतात. माझ्याकडे एक पोरगी आहे, थर्ड इयर, हात इतका साफ की तिने केलेलं टायट्रेशन मी परत तपासत नाही. पण ती उन्हाळ्यात किराणा स्टोअरमध्ये पूर्णवेळ काम करते, आई आजारी, धाकटे भाऊ घरी. ती दहा आठवडे टेनेसीला नाहीतर शिकागोला येईल का, आणि आली तर परवडेल का? की लॅबचा नाद सोडून इथेच काहीतरी पैसे उभे करावेत? शिवाय सध्या जे वारं वाहतंय त्यात या सगळ्याचा भरवसा किती धरायचा? अनुभव सांगा, टोमणेही चालतील.

कोथरूडचा_पक्षी
वाचतोय. आमच्या लहानपणी उन्हाळ्याचा प्रोग्रॅम म्हणजे आंबे, आणि स्टायपेंड आजी द्यायची.

मिशिगनमावशी
ताई, मूलभूत प्रश्न. हे एचएसआय, एचबीसीयू कोण ठरवतं? कॉलेज स्वतःच पाटी लावतं का?

साधा_माणूस
म्हणजे आपल्याकडची कलम ३० वाली अल्पसंख्याक कॉलेजं का? मुंबईत सिंधी, गुजराती, ख्रिश्चन ट्रस्टची असतात तशी?

नऊमहिने_पगारी
@साधा_माणूस, नाही हो. आपल्याकडे संस्था कोणी काढली आणि कोण चालवतं त्यावर दर्जा ठरतो. इथे दोन वेगळे प्रकार आहेत. एचबीसीयू म्हणजे १९६४ च्या आधी मुख्यत्वे कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी स्थापन झालेली कॉलेजं, ती यादी इतिहासाने बंद केलेली, साधारण शंभरेक आहेत, नवीन कोणी त्यात जाऊ शकत नाही. ट्रायबल कॉलेजं बहुतेक मूळ अमेरिकन जमातींनी सनद दिलेली. बाकीची मात्र पटावर ठरतात. अंडरग्रॅड पटाच्या किमान २५ टक्के हिस्पॅनिक असतील (शिवाय गरजू विद्यार्थी जास्त आणि दर विद्यार्थी खर्च कमी अशा अटी) तर एचएसआय. एशियन अमेरिकन आणि पॅसिफिक आयलंडर १० टक्के असतील तर एएएनएपीआयएसआय, हे २००७ च्या कायद्याने आलं, उच्चार मला अजून जमत नाही. मुख्य म्हणजे एचएसआयला मालक कोणीही असो, बहुतेक साधी सरकारी कॉलेजंच आहेत.

आता पैशाचं. इथे लोक सगळा घोळ एकत्र करतात. शिक्षण खात्याचे टायटल पाच (उच्च शिक्षण कायद्याचा एचएसआयवाला भाग) वगैरे पैसे वेगळे, ते कॉलेजला मिळतात, लॅब बांधा, ट्यूटर ठेवा, सल्लागार नेमा. उन्हाळ्यातला रिसर्च बहुतेक दुसऱ्याच खिशातून येतो: एनएसएफ (नॅशनल सायन्स फाउंडेशन), डीओई, नासा, नेव्ही, एअर फोर्स. सप्टेंबर २०२५ मध्ये शिक्षण खात्याने एचएसआय आणि तत्सम प्रोग्रॅमांचे सुमारे ३५ कोटी डॉलर थांबवले, टक्केवारीवर पैसे देणं घटनाबाह्य आहे म्हणून. त्याआधी टेनेसी राज्याने आणि प्रवेशात वंश बघतात म्हणून हार्वर्डवर केस केली होती त्याच संघटनेने २५ टक्क्यांच्या अटीवर कोर्टात दावा लावला होता, आणि न्याय खात्याने आपण या अटीचा बचाव करणार नाही असं जुलैत कळवून टाकलं होतं. एचबीसीयू आणि ट्रायबल कॉलेजांना मात्र उलट वाढवून दिले. तर ताई, तुमच्या कॉलेजचं ट्युटरिंग सेंटर बंद होऊ शकतं आणि तरीही तुमचा डीओईचा अर्ज चालू असू शकतो. दोन्ही बातम्या एकाच पानावर वाचून घाबरू नका.

टोमॅटो_सार
माझी मुलगी सॅन होजे स्टेटला आहे. म्हणजे आपल्या पोरांच्या जिवावर कॉलेजला तो दहा टक्केवाला टॅग मिळतो की काय? आम्हाला कोणी विचारलं नाही.

नऊमहिने_पगारी
नागरिक किंवा ग्रीन कार्डवाली असेल तर हो, मोजली जाते. एफ-१ वर पुण्याहून आलेला मास्टर्सवाला मात्र नाही, तो नॉनरेसिडेंटच्या रकान्यात जातो आणि तसाही हा हिशेब अंडरग्रॅडचाच.

रात्रपाळी_ह्यूस्टन
मग तो टॅग आपल्यासाठी कशाला? इथल्या मराठी मंडळात जाऊन बघा, पार्किंग लॉट टेस्लांनी भरलेला असतो. आपली पोरं कुठली वंचित. स्पष्ट बोलतो, उत्पन्नावर द्या, जातवर्ण कशाला मोजता. माझ्याच ऑफिसमधला गोरा टेक्निशियन, वेस्ट व्हर्जिनियाचा, बाप खाणीत होता, त्याच्या पोराला कोण देणार?

फ्रेस्नोची_माई
@रात्रपाळी, टेस्लावाले मोजून मत बनवू नका. मी फ्रेस्नोत राहते. इथे ह्मोंग लोक खूप आहेत, व्हिएतनाम युद्धानंतर लाओसमधून निर्वासित म्हणून आलेले, कित्येक घरांत आजीला लिहिता-वाचता येत नाही. कॉलेजच्या फॉर्मवर तेही एशियन आणि तुमचा बे एरियातला चिन्मयही एशियन. आणि पैसे टॅगवर चिन्मयला मिळत नाहीत, कॉलेजला मिळतात.

पोस्टरवाली
@रात्रपाळी काका, खाणीवाल्याच्या पोरालाही मिळतं की. एनएसएफचा आरईयू म्हणजे रिसर्च एक्सपीरियन्सेस फॉर अंडरग्रॅज्युएट्स कुठल्याच वंशापुरता नाही, नागरिक किंवा ग्रीन कार्ड एवढीच अट, आणि ज्या कॉलेजात रिसर्चची सोय नाही तिथल्या पोरांना घ्या असं साइट्सना सांगितलेलं असतं. मॅकनेअर प्रोग्रॅममध्ये तर कमी उत्पन्न आणि घरातली पहिली पिढी हा निकष लिहूनच ठेवलाय.

मी स्वतः आरईयू केलाय, न्यू जर्सीच्या कम्युनिटी कॉलेजमधून. आई डेकेअरमध्ये काम करायची. तेव्हा आरईयू काय असतं मला माहीत नव्हतं, केमिस्ट्रीच्या सरांनी मागे लागून फॉर्म भरून घेतला. मिडवेस्टमधलं मोठं विद्यापीठ. पहिल्या आठवड्यात मला ग्लव्हबॉक्समध्ये हात घालून बसवलं, अर्धा मिलिग्रॅम वजन करायला अख्खी दुपार, घामाने हातमोजे आतून चिकटलेले, आणि पोस्टडॉक बाजूला उभा राहून फक्त म्हणायचा, परत. मला वाटलं हा माझ्यावर खार खाऊन आहे. ऑगस्टमध्ये पोस्टरच्या दिवशी एक म्हातारे प्रोफेसर आले आणि म्हणाले हा पॉइंट बाहेर का गेलाय, आणि मला उत्तर माहीत होतं! त्या दुपारमुळेच माहीत होतं. आता पीएचडीच्या चौथ्या वर्षाला आहे.

पण रिओग्रांदे ताई, तुमच्या पोरीला परवडेल का हा जो प्रश्न आहे ना तोच खरा आहे आणि तो कुठल्याच वेबसाइटवर लिहिलेला नसतो. स्टायपेंड बरा असतो, आरईयूत आठवड्याला सहाशे-सातशे डॉलरच्या घरात, राहायची सोय वेगळी. अडतं कुठे तर आधी. विमानाचं तिकीट मी स्वतःच्या कार्डवर काढायचं आणि पावती दिली की पैसे परत. कार्डच नव्हतं. आईच्या कार्डवर काढलं आणि ते पैसे परत यायला निम्मा उन्हाळा गेला, तोपर्यंत कार्डाचं व्याज आम्ही भरत होतो. पहिला चेक दोन आठवडे काम झाल्यावर. त्या दोन आठवड्यात जेवायचं काय याचा विचार ज्याने प्रोग्रॅम बनवला त्याने केलेला नव्हता. तुम्ही जाल तेव्हा लॅबच्या एज्युकेशन ऑफिसला पहिला ईमेल हाच करा, की तिकीट तुम्ही काढून देता का आणि पहिला हप्ता कधी.

मिशिगनमावशी
पोस्टरवाली, किती छान लिहिलंस गं. आईला नमस्कार सांग.

बीमलाइन_बाळू
मी एका नॅशनल लॅबमध्ये आहे, नाव सांगत नाही. दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी फॅकल्टी माझ्याकडे येतात, तर आतल्या बाजूने सांगतो.

अर्जाची मुदत साधारण जानेवारीच्या सुरुवातीला असते, आणि लोक ख्रिसमसच्या सुट्टीत जागे होतात. तेव्हा उशीर झालेला असतो, कारण व्हीएफपीत प्रस्ताव तुम्ही आणि लॅबमधला माणूस मिळून लिहायचा असतो. होस्ट नसेल तर अर्जाला काही अर्थ नाही. म्हणजे आत्ता, याच आठवड्यात, दोन-तीन जणांना ईमेल टाका. लांबलचक नको. मी काय करते, तुमच्या कुठल्या पेपरशी ते जुळतं, दहा आठवड्यांत काय एक गोष्ट पूर्ण करू, आणि माझे विद्यार्थी काय करू शकतात. बास. सीव्ही जोडा. उत्तर आलं नाही तर दहा दिवसांनी परत टाका, आम्ही उद्धट नसतो, इनबॉक्स तुंबलेला असतो, आणि सरकारी शटडाऊनमुळे यंदा सगळंच मागे पडलंय.

दुसरं, ग्रीन कार्ड असलं तरी लॅबच्या लेखी तुम्ही परदेशी नागरिकच. आत प्रवेशासाठी वेगळी मंजुरी लागते, कागद लवकर भरा, नाहीतर पहिला आठवडा गेटबाहेर हॉटेलात बसून ट्रेनिंगचे व्हिडिओ बघण्यात जातो, हे झालेलं आहे माझ्या एका पाहुण्यांचं. तुमची विद्यार्थिनी नागरिक असेल तर तिचा पास तुमच्या आधी येईल. हसू नका, खरंच येतो.

तिसरं आणि महत्त्वाचं. "आमच्याकडे उपकरण नाही म्हणून येतोय" असा प्रस्ताव लिहू नका, तो सगळेच लिहितात. परत गेल्यावर तुमच्या लॅबमध्ये काय चालू राहील ते लिहा. लॅबला दरवर्षी नवा पाहुणा नको असतो, कायमचा सहकारी हवा असतो.

रिओग्रांदेकाठी
बाळू, हे सोन्यासारखं आहे. दोन ईमेल आत्ताच टाकले, धागा उघडा ठेवून.

खजिना_ऑफिस
माझ्या मिस्टरांच्या कॉलेजात ग्रांट्स ऑफिस म्हणजे एक बाई आणि एक प्रिंटर आहे. त्या बाई सुट्टीवर गेल्या की अख्ख्या कॉलेजचं रिसर्च सुट्टीवर. ताई, तुमच्या ऑफिसला आधीच सांगून ठेवा, शेवटच्या दिवशी सही मागितली तर मिळत नाही. आणि आणखी एक गंमत, विद्यार्थ्यांच्या स्टायपेंडवर एनएसएफ ओव्हरहेड, म्हणजे कॉलेजचा वरखर्चाचा वाटा, घेऊ देत नाही, म्हणजे कॉलेजला त्यात काही सुटत नाही, म्हणून वरची मंडळी अशा ग्रांटला टाळ्या वाजवतात पण मदतीला येत नाहीत.

व्यवहारी_वामन
ताई राग मानू नका, पण हिशेब केलात का? दोन समर कोर्स शिकवलेत तर घरबसल्या पैसे येतील, विमान नको, भाडं नको, आपली चपाती आपल्या तव्यावर. दहा आठवडे संसार सोडून परक्या गावी राहायचं तर त्या स्टायपेंडमधलं काय उरतं?

नऊमहिने_पगारी
वामनराव, समर कोर्सचे पैसे जुलैत संपतात. टेन्युअरच्या, म्हणजे नोकरी कायम करायच्या, फाइलमध्ये "समरमध्ये ऑरगॅनिक शिकवलं" याला शून्य किंमत आहे, लॅबमधून निघालेल्या पेपरला आहे. मात्र हेही खरं की लहान पोरं घरी असतील तर हे सगळं बोलायला सोपं.

व्यवहारी_वामन
तेच म्हणतोय. तुम्हा लोकांचे सल्ले ऐकून माझी मेहुणी गेली होती, नवऱ्याने दहा आठवडे पोरांना मॅगी खायला घातली.

पोस्टरवाली
नवऱ्याला स्वयंपाक शिकवायचा समर प्रोग्रॅम काढा मग. फंडिंग मी देते.

एच१बी_अडकला
विषयात थोडं घुसतो. मी जॉर्जियात एका एचबीसीयूत असिस्टंट प्रोफेसर, एच-१बी वर. म्हणजे मला हे सगळं बंद ना? व्हीएफपीला नागरिक नाहीतर ग्रीन कार्ड. होमलँड सिक्युरिटीचा एमएसआयसाठीचा (मायनॉरिटी सर्व्हिंग इन्स्टिट्यूशन, म्हणजे ही वरची सगळी कॉलेजं) समर टीम प्रोग्रॅम बघितला, एक प्राध्यापक आणि दोन विद्यार्थी, अगदी आमच्या मापाचा, पण तिथे तर नागरिकत्वच. मग आमच्यासारख्यांनी उन्हाळ्यात काय करायचं, लोणची घालायची?

नऊमहिने_पगारी
बंद नाही, दार वेगळं आहे. मुद्दा असा की एच-१बी वर तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून स्टायपेंड घेता येत नाही, पण तुमच्याच कॉलेजने तुम्हाला समर सॅलरी दिली तर चालतं. त्यामुळे पैसे कॉलेजच्या मार्गे आले पाहिजेत. एनएसएफला पीआयच्या, म्हणजे मुख्य संशोधकाच्या, नागरिकत्वाशी देणंघेणं नाही, अर्ज कॉलेजच्या नावाने जातो. एचबीसीयूसाठी एनएसएफचा एचबीसीयू-यूपी हा वेगळा प्रोग्रॅम आहेच. आणि एक फार कमी लोकांना माहीत असलेलं म्हणजे आरओए, रिसर्च ऑपॉर्च्युनिटी अवॉर्ड. मुख्यतः अंडरग्रॅड शिकवणाऱ्या कॉलेजातल्या प्राध्यापकाला दुसऱ्या कोणाच्या चालू एनएसएफ ग्रांटवर जोडून घेता येतं. ग्रांटवाला सप्लिमेंट मागतो, आणि तुमचा वाटा सबअवॉर्डने तुमच्या कॉलेजकडे वळवता येतो. नवीन स्पर्धा नाही, मोठा प्रस्ताव नाही. मात्र त्या माणसाशी ओळख हवी आणि प्रोग्रॅम ऑफिसरला आधी विचारायला हवं. तुमच्या एचआरला आणि वकिलाला विचारल्याशिवाय एक पाऊलही टाकू नका, व्हिसाचं कायदेशीर मत मी देत नाही.

बीमलाइन_बाळू
शिवाय बीमटाइम, म्हणजे मोठ्या मशीनवर प्रयोगाला मिळणारा वेळ. डीओईच्या युजर फॅसिलिटीज, ऑरगॉनचा... सॉरी, आर्गॉनचा फोटॉन सोर्स, ओक रिजचा न्यूट्रॉन सोर्स, इथे निकाल प्रसिद्ध करणार असाल तर मशीन वापरायला फी नसते आणि व्हिसा कुठला हे बघून प्रस्ताव नाकारत नाहीत. प्रस्ताव गुणावर मंजूर होतो. फक्त प्रवासखर्च तुमचा तुम्ही बघायचा. चार दिवस-रात्र जागायची तयारी ठेवा.

कोथरूडचा_पक्षी
बाळू तुमच्या ऑरगॉनमुळे मला ओरेगॉनचं तिकीट काढावंसं वाटलं होतं.

एच१बी_अडकला
आरओए ऐकलं नव्हतं. पोस्टडॉकच्या जुन्या सरांकडे एनएसएफ ग्रांट आहे, उद्याच फोन लावतो. धन्यवाद नऊमहिने सर.

सीएचबी_नांदेड
तुमचा नऊ महिन्यांचा पगार ऐकून डोळे पाणावले. आम्ही तासिका तत्त्वावर. तास झाला तर पैसे, तेही बिल मंजूर होईल तेव्हा, उन्हाळ्यात तास नाही म्हणजे काहीच नाही. त्यात कॅपला पेपर तपासायला जायचं. ज्यांना कॅप माहीत नाही त्यांच्यासाठी, एका हॉलमध्ये शंभर मास्तर, पंखे दोन, आणि प्रत्येकाचं गाठोडं वेगळं.

पण सांगायचं हे की आपल्याकडेही समर रिसर्चची सोय आहे आणि ती शिक्षकांनाही आहे. बेंगळुरूची इंडियन अकॅडमी, दिल्लीची इन्सा आणि प्रयागराजची नासी या तीन अकादम्यांची मिळून समर रिसर्च फेलोशिप. साधारण दोन महिने, विद्यार्थी आणि शिक्षक दोघांनाही अर्ज करता येतो. गाइड आयआयएस्सी, आयआयटी, आयसर, राष्ट्रीय प्रयोगशाळा कुठलाही. मी केलीय, पुण्यात. गावाकडच्या कॉलेजात ज्या उपकरणाचं चित्र काढून पोरांना शिकवत होतो ते मशीन तिथे समोर चालू बघितलं, आणि चित्रात बाण उलटा काढत आलोत सगळे ते तिथे कळलं, पाठ्यपुस्तकातच उलटा आहे.

फ्रेस्नोची_माई
हाहाहा, बाण उलटा! सर, अडचण काय आली मग?

सीएचबी_नांदेड
अडचण तीच जी रिओग्रांदे मॅडमच्या पोरीची. आमच्या पोरांना निवड झाली तरी बापाला वाटतं उन्हाळ्यात पोरगा शेतात पाहिजे, लग्नसराई आहे, आणि पोरगी असेल तर बोलूच नका. मी एका पोरीच्या घरी जाऊन बसलो, चहा तीनदा झाला, वडील हो-नाही काही बोलेनात. शेवटी तिच्या आजीने विचारलं, तिथे मेसमध्ये भाकरी मिळते का. मिळते म्हणालो. गेली पोरगी. (मेसमध्ये भाकरी मिळत नव्हती.)

मिशिगनमावशी
सर तुम्हाला साष्टांग.

साधा_माणूस
महाराष्ट्रातल्या पोरांसाठी भर घालतो. मानखुर्दच्या होमी भाभा सेंटरचा एनआययूएस, टीआयएफआरचा व्हीएसआरपी, हेही बघा. विज्ञानाच्या बीएस्सीवाल्यांना एनआययूएस फार चांगला, कॉलेजचं नाव मोठं नसलं तरी घेतात.

इतिहासाचा_विद्यार्थी
अवांतर होईल, तरी. एचबीसीयू म्हटलं की मराठी माणसाला टस्कीगी आठवतं ते कार्व्हरमुळे. १८९६ मध्ये ते आयोवाची चांगली जागा सोडून टस्कीगीला गेले, तिथे प्रयोगशाळा नव्हतीच, भंगारातून बाटल्या-डबे गोळा करून पोरांकडून उभी करून घेतली. आम्ही शाळेत हे त्यागाची कथा म्हणून वाचलं. आता वाटतं की ही बजेटची कथा आहे. त्याच देशात त्याच वेळी दुसऱ्या कॉलेजांना प्रयोगशाळेचे पैसे मिळत होते. वरच्या दर्जाचं संशोधन करणारी म्हणून जी आर-१ विद्यापीठांची यादी असते तीत २०२५ मध्ये हॉवर्ड आलं (हार्वर्ड नव्हे, वॉशिंग्टनचं हॉवर्ड, १८६७ चं), आणि त्या वर्षी एचबीसीयूंपैकी ते एकटंच. तेव्हा रात्रपाळी साहेब, उत्पन्नावर द्या हे माणसाला लागू आहे, संस्थेला नाही. संस्था मागे ठेवली गेली असेल तर तिथला गरीब आणि श्रीमंत दोघंही मागे राहतात.

आणि आपल्याकडे बाबासाहेबांनी १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद कॉलेज काढलं ते याच विचाराने. नुसती शिष्यवृत्ती देऊन एक पोरगा बाहेर जाऊन शिकतो, जसे ते स्वतः सयाजीरावांच्या साडेअकरा पौंड महिना शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये कोलंबियाला गेले. पण मराठवाड्यातल्या पोरांना दारात कॉलेज हवं होतं.

रात्रपाळी_ह्यूस्टन
संस्थेचा मुद्दा मान्य, एचबीसीयूच्या बाबतीत. पण पटाच्या टक्क्यांवर मिळणारा टॅग? २४ टक्के असले तर काही नाही आणि २५ झाले की खजिना उघडला? शेजारच्या काउंटीतल्या पोराने काय घोडं मारलं? तुमचं मिलिंदचं उदाहरण माझ्या बाजूचंच आहे, ते टक्के मोजून काढलं नव्हतं.

इतिहासाचा_विद्यार्थी
रेषा कुठेतरी आखावी लागते, आणि रेषेजवळच्या माणसावर अन्याय होतोच. पण २५ ची रेषा वाईट म्हणून सगळं बंद केलं तर २४ वाल्याला काय मिळालं? आणि खजिना म्हणताय, अर्ज करावा लागतो हो, स्पर्धेत जिंकावं लागतं, टॅग म्हणजे फक्त रांगेत उभं राहायची परवानगी.

रात्रपाळी_ह्यूस्टन
रांगेचं ठीक. तरी माझं मत कायम.

कोथरूडचा_पक्षी
धाग्यावर मतपरिवर्तन न होण्याची परंपरा अबाधित राहिली. आता पॉपकॉर्न संपले, ताईंच्या पोरीचं काय झालं?

रिओग्रांदेकाठी
मधले काही दिवस परीक्षांमुळे इकडे आले नाही. किती लिहिलंत सगळ्यांनी!

पोस्टरवालीचं वाचून मी सरळ त्या पोरीलाच विचारलं. मी इतके दिवस तिच्या वतीने काळजी करत होते, तिला कोणी विचारलंच नव्हतं. तिने वहीच्या मागच्या पानावर लगेच आकडे मांडले. स्टोअरमध्ये उन्हाळ्यात किती मिळतात, घरी किती द्यावे लागतात, आईच्या डायलिसिसला आठवड्यातून तीनदा कोण नेणार. पैशाचा प्रश्न स्टायपेंडने सुटत होता. डायलिसिसचा सुटत नव्हता. भाऊ सोळाचा होईल तो जुलैत, त्याआधी गाडी कोण चालवणार. म्हणाली, मिस, मला यायचंय, पण या उन्हाळ्यात नाही.

ईमेलचं म्हणाल तर एका होस्टचं उत्तर आलंय, झूमवर बोलणं झालं, माणूस बरा वाटला, आम्ही मिळून मसुदा लिहायला घेतलाय. दुसरा विद्यार्थी आहे, तो यायला तयार आहे, एका पायावर. पण हिला सोडून जायचं माझ्या मनाला पटत नाही.

नऊमहिने_पगारी
तुमच्या डिपार्टमेंटमध्ये कोणाकडे चालू एनएसएफ ग्रांट आहे का? असेल तर आरईयू सप्लिमेंट. ते स्वतंत्र साइट नसतं, आहे त्याच ग्रांटवर एक-दोन विद्यार्थ्यांसाठी उन्हाळ्याचे पैसे मागता येतात. विद्यार्थी नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला हवा, तो तुमच्याच कॉलेजचा चालतो. ती घरी राहील, डायलिसिसचे दिवस सोडून लॅबमध्ये येईल, तास तुम्ही आणि तिने ठरवायचे. तुम्ही बाहेर असाल तर तिच्याकडे बघायला मात्र ग्रांटवाला सहकारी मनापासून तयार हवा, नुसती सही देणारा नको. आणि प्रोग्रॅम ऑफिसरला आधी विचारा, एप्रिल २०२५ पासून एनएसएफने शेकड्याने चालू ग्रांट रद्द केल्यात, कुठल्या डिव्हिजनमध्ये सप्लिमेंटला पैसे शिल्लक आहेत ते तेच सांगतील.

रिओग्रांदेकाठी
आहे एकाकडे! मटेरियल्सवाला, आमच्याच मजल्यावर. तो तिला ओळखतो, त्याच्या कोर्सला ती पहिली आली होती. उद्या त्याच्या दारात जाऊन उभी राहते.

बीमलाइन_बाळू
आणि तिचा भाग तुमच्या व्हीएफपी प्रस्तावाशी जोडून ठेवा. सॅम्पल ती तिकडे बनवेल, तुम्ही इकडे मोजाल. पाकीट ओव्हरनाइट कुरियरने येतं. आमच्याकडे असं चालतं, पेपरवर तिचंही नाव येतं, आणि पुढच्या वर्षी तिला आणायला होस्टला वेगळं पटवावं लागत नाही. मात्र केमिकल पाठवायचे नियम आधी वाचा, एकदा कोणीतरी साध्या पाकिटात पांढरी पावडर पाठवली होती आणि आमचा अर्धा दिवस सिक्युरिटीबरोबर गेला.

खजिना_ऑफिस
पांढरी पावडर 😂😂 काय होती ती?

बीमलाइन_बाळू
टायटॅनियम डायऑक्साइड. टूथपेस्टमध्येही असतं.

सीएचबी_नांदेड
मॅडम, तुमच्या पोरीला आमच्याकडून शुभेच्छा. तिच्या आजीला काही शंका असेल तर मला फोन लावून द्या.

टोमॅटो_सार
एक प्रश्न उरलाच. मुलीलाही आता आरईयूला अर्ज करायला सांगते. स्टायपेंडवर टॅक्स लागतो का? प्रोग्रॅमवाले कापून देत नाहीत म्हणे.

पोस्टरवाली
लागतो, मावशी. कापून देत नाहीत म्हणूनच फसगत होते. बहुतेक वेळा सोशल सिक्युरिटी वगैरे कापत नाहीत, पण इन्कम टॅक्स लागू शकतो, तिची वर्षाची एकूण कमाई किती त्यावर आहे. प्रत्येक चेकमधून थोडे बाजूला ठेवायला सांगा. आणि जूनच्या पंधरा तारखेचा एस्टिमेटेड टॅक्सचा हप्ता तिला लागू होतो का ते आधीच बघा. अर्जासाठी एनएसएफचं ईटॅप नावाचं पोर्टल आहे, बऱ्याच साइट्स तिथूनच अर्ज घेतात, पण सगळ्या नाही, म्हणून प्रत्येक साइटचं पान वेगळं उघडून तारीख लिहून घ्या. बऱ्याच फेब्रुवारीत बंद होतात. आणि शिफारसपत्र मागायला सरांकडे डिसेंबर उजाडायच्या आत जायला सांगा, फायनल्सच्या आठवड्यात कोणी पत्र लिहीत नाही.

टोमॅटो_सार
डिसेंबर म्हणजे पुढच्या आठवड्यात! ठेवते फोन, तिला उठवते.